छूटा

गुजरातीतला 'छूटा' हा शब्द फार कामाचा आहे. रावपुऱ्यातल्या दुकानात पाचशेची नोट पुढे केली की शेठ म्हणतात, 'छूटा नथी, बेन.' म्हणजे सुटे नाहीत. डब्यात बंद न केलेलं, मापानं मिळणारं तेल ते 'छूटुं तेल'. नवराबायकोनं काडीमोड घेतला की 'छूटाछेडा'. आणि एखाद्या कंपनीनं माणसं घरी पाठवली की वर्तमानपत्रात मथळा येतो, 'त्रणसो कर्मचारीओने छूटा कर्या.' सुटे पैसे, सुटं तेल, सुटलेला संसार आणि सुटलेली नोकरी, सगळ्यांना एकच शब्द पुरतो.

घरात मराठी, ओट्यावर गुजराती आणि बँकेत हिंदी अशी आमची रावपुऱ्याची तीन मजली भाषा. त्यामुळे शब्द उलटेपालटे करून पाहायची खोड लागते. मराठीत 'कामावरून काढलं' म्हणताना काढणारा हात डोळ्यांपुढे येतो. 'छूटा कर्या' जरा मऊ, गाठ सोडल्यासारखं. पण तिथंही सोडणारा कोणीतरी असतोच. मोबाइलवरून दहा-पंधरा मिनिटांत दूध-भाजी पोचवणाऱ्या कंपन्यांच्या बातम्यांत मात्र हल्ली 'पुनर्रचना झाली' असं येतं. पाऊस झाला, ग्रहण झालं, तशी पुनर्रचना झाली. करणारा वाक्यात नाहीच. आमच्या घरी ती २०२५ च्या जानेवारीत झाली, आणि करणारा कोण हे शोधण्यात आम्ही तीन माणसांनी जवळजवळ महिना घालवला.

पुतण्या माझा, धाकट्या दिरांचा मुलगा. दीर लवकर गेले, तेव्हापासून तो आमच्याकडेच वाढला. गुजराती माध्यमात शिकला, सयाजीराव विद्यापीठातून बी.कॉम. झाला. दोन वर्षं इकडेतिकडे हिशोब लिहून शेवटी अशाच एका कंपनीच्या दुकानात शिफ्ट इनचार्ज म्हणून लागला. अशा दुकानाला 'डार्क स्टोअर' म्हणतात. नावाप्रमाणे आत अंधार मुळीच नसतो; ट्यूबलाइटचा इतका लखलखाट असतो की दिवस कोणता, रात्र कोणती कळू नये. अंधार आहे तो गिऱ्हाइकाला. बाहेर पाटी नाही, गल्ला नाही, 'या, बसा' नाही. आत लोखंडी रॅक, त्यांवर नंबर, आणि हातात मोबाइलएवढं यंत्र घेऊन धावणारी पोरं. यंत्र सांगतं, अमुक रॅक, अमुक खण, कोथिंबीर एक जुडी. मुलगा ती उचलतो, पिशवीत टाकतो, पुढं धावतो. दोनएक मिनिटांत पिशवी बांधून खिडकीत यायला हवी. तिथून मोटारसायकलवाला घेतो. कोण किती सेकंद लागला, हे भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं. त्या पडद्याकडे पाहत पोरांना हाकणं हे आमच्या पुतण्याचं काम. घरी आला की त्याला कोणी 'लवकर जेव' म्हटलेलं खपत नसे.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला, तो बडोदेकर इतक्यात विसरणार नाहीत. निम्मं शहर पाण्यात, वीज गेलेली, नदीतल्या मगरी वस्तीत आलेल्या. त्याचं दुकान नदीच्या अंगाला होतं. पाणी कमरेइतकं चढलं. ओसरल्यावर पुतण्या आणि दुकानातली पोरं तीन दिवस गाळ उपसत होती. पीठ, साखर, बिस्किटांचा लगदा फावड्यानं ओढत होती. चौथ्या दिवशी दुकान सुरू झालं. वरून शाबासकीचा संदेश आला, त्यात टाळ्यांची तीन चित्रं होती. तो संदेश त्यानं मला कौतुकानं दाखवला होता.

जानेवारीत एका रात्री तो जेवायला बसला होता. फोन नुसता थरथरला. दुकानातल्या छत्तीस जणांचा जो ग्रुप होता त्यात एक ओळ उमटली होती : ॲडमिननं तुम्हाला ग्रुपमधून काढलं आहे. त्यानं हजेरीचं ॲप उघडून पाहिलं. ते उघडेना.

आमचे हे हात धुऊन आले आणि म्हणाले, "नोटीस दाखव."

"काका, नोटीस नाहीये."

"मग पत्र?"

"पत्र पण नथी." घाबरला की तो गुजरातीत शिरतो.

ह्यांना ते पटेचना. माणसाला कामावरून कमी करतात आणि कागद नाही, हे त्यांच्या बुद्धीत बसण्यासारखं नव्हतं. ह्यांचा स्वतःचा कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला. नाव सांगत नाही; त्या काळी गोरव्यापासून मकरपुऱ्यापर्यंत भोंगे थांबलेले कारखाने काही एकदोन नव्हते. फाटकावर गुजरातीत टंकलेली नोटीस लागली, खाली मॅनेजरची सही. कामगारांनी ती वाचली, तिच्यावर शाई फेकली, तिच्यासमोर सहा महिने मांडव घातला. युनियन होती, लेबर कोर्टाच्या तारखा होत्या. तो काळ सोन्याचा होता असं मात्र कोणी समजू नये. पैसे अर्धेमुर्धे मिळाले, शेवटचा हप्ता यायला पाच वर्षं गेली. त्या पाच वर्षांत मी सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घेतल्या आणि ह्यांनी दांडिया बाजारात एका वकिलाकडे टंकलेखन केलं. पण फाटक होतं. रागवायला एक जागा होती, आणि ज्याच्यावर रागवायचं त्या माणसाची सही होती.

आमच्या सासऱ्यांचा तर कागद अजून ट्रंकेत आहे. ते गायकवाडी महसूल खात्यात कारकून. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हा रावपुरा-दांडिया बाजारातल्या निम्म्या घरांत त्यांची नोकरी राहते की जाते ही चिंता होती. त्यालाही पुनर्रचनाच म्हणायचं. कोणाला मुदतीआधी पेन्शन, कोणाला लांब बदली. सासऱ्यांना अहमदाबादेला पाठवलं. कागदावर त्यांचं पूर्ण नाव, हुद्दा, पगार, रुजू व्हायची तारीख आणि खाली अधिकाऱ्याची झोकदार सही. तो हुकूम आला त्या दिवशी सासूबाई रडल्या म्हणतात, पण तो पुठ्ठ्यात घालून जपूनही त्यांनीच ठेवला.

तर नोटीस शोधायला हे पुतण्याला मागे बसवून स्कूटरवरून निघाले. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आतले रॅक उघडून टेंपोत चढवणं चाललं होतं. ज्या पोरांनी पुराचा गाळ उपसला त्यांतली दोघं तेच रॅक उचलत होती, त्या दिवसापुरत्या रोजावर. जागेचे मालक ओट्यावर उभे होते, गुजराती गृहस्थ, सज्जन. ह्यांनी विचारलं, काय झालं? ते हसून म्हणाले, "मने पण छूटो कर्यो, साहेब." दुकान चारेक किलोमीटरवरच्या मोठ्या गोदामात 'विलीन' केलं होतं. एकोणपन्नास सालचाच शब्द. मात्र छत्तिसांतले विलीन झाले नऊ.

मग नेमणूकपत्र काढलं. त्यावर त्या कंपनीचं नावच नव्हतं. माणसं पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराचं होतं, आणि त्याची कचेरी परराज्यात. अकरा महिन्यांचा करार, एकदा वाढवलेला. दुकान कंपनीचं, यंत्र कंपनीचं, अंगातला सदरा कंपनीचा. माणूस तेवढा दुसऱ्याचा. कंत्राटदाराच्या नंबरावर एक मुलगी अतिशय गोड हिंदीत बोलली. तिनं तक्रार नोंदवली आणि एक लांबलचक आकडा दिला. हे तो वहीत उतरवून घेत होते, तेवढ्यात तिनं विचारलं, आजच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? ह्यांनी पाच दिले. त्या मुलीचा काय दोष.

या धंद्याचा हिशोब ओट्यावर बसूनही मांडता येतो. समजा, दोनशे रुपयांचा माल घरी पोचवायचा. किराण्यात सुटून सुटून सुटणार किती? त्यातून मोटारसायकलवाल्याची मजुरी, पिशवी भरणाऱ्याचा पगार, जागेचं भाडं, चोवीस तास चालणाऱ्या फ्रीजची वीज, वर गिऱ्हाईक बांधून ठेवायला दिलेली सूट. हे जुळायचं तर एकेका दुकानातून रोज हजारावर पिशव्या जाव्या लागतात, नाहीतर घालायचा तो दुसऱ्याचा पैसा. २०२१ साली, करोनाच्या टाळेबंद्यांनंतर, जगभर असा दुसऱ्याचा पैसा स्वस्त होता. ज्यांची मुंज व्हायचं वय झालं नव्हतं अशा कंपन्यांना कोट्यवधी डॉलर मिळाले. २०२२ मध्ये व्याजाचे दर चढले आणि पैसे घालणारे विचारू लागले, नफा केव्हा?

बंगळूरच्या डन्झोची कथा यात सगळ्यांत बोलकी. २०१४-१५ च्या सुमारास ती सुरू झाली तेव्हा दुकान नव्हतंच. व्हॉट्सॲपवर निरोप टाकायचा, कोणीतरी तुमची किल्ली, डबा, औषध पोचवायचा. सांगितलेलं काम करणाऱ्या मुलासारखी कंपनी. २०२२ च्या जानेवारीत रिलायन्स रिटेलनं तिच्यात २० कोटी डॉलर घालून चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त वाटा घेतला. मग भराभर गोदामं निघाली, क्रिकेटच्या सामन्यांत जाहिराती झळकल्या. सव्वा वर्षात, २०२३ च्या एप्रिलमध्ये, सुमारे ३०० माणसं कमी केली. त्याच उन्हाळ्याअखेर पगार लांबू लागले. २०२४ च्या ऑगस्टअखेर आणखी १५० गेली, मागे पन्नासेक राहिली. आणि २०२५ च्या जानेवारीत, आमचा पुतण्या घरी बसला त्याच महिन्यात, ॲप बंद. तुर्कस्तानातली गेतिर ही या झटपट धंद्यातली जुनी कंपनी. तुर्की भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'आण'. तिनं २०२४ च्या एप्रिलमध्ये ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स आणि अमेरिका सोडून दिली, हजारो नोकऱ्या गेल्या. लंडनच्या सायकलवाल्याची आणि कारेलीबागेतल्या पोराची दशा एक व्हावी, असा योग आमच्या सासऱ्यांच्या काळी नव्हता.

धंदा बुडतोय असंही नाही. ग्रोफर्सचं २०२१ च्या डिसेंबरात ब्लिंकिट झालं, २०२२ मध्ये ते झोमॅटोनं घेतलं, आणि आज ते जोरात आहे. फ्लिपकार्टही २०२४ मध्ये यात उतरली. इथं एक दुकान मिटतं, तिथं दोन उघडतात. कंपनीच्या दृष्टीनं ही फक्त मांडणी बदलणं आहे, जसे आपण दिवाळीच्या आधी फडताळातले डबे हलवतो.

पण मला खटकतं ते मोजणं. बातमीत ३०० येतात, १५० येतात, ते कंपनीच्या स्वतःच्या पगारपत्रकावरचे. कंत्राटदाराचा माणूस त्यात सहसा धरत नाहीत. आमच्या पुतण्याच्या दुकानातली सत्तावीस पोरं घरी बसली, ती कुठल्याही वर्तमानपत्राच्या आकड्यात नाहीत. मी रोज चष्मा लावून शोधत होते. मोटारसायकलवाला तर त्याहून पलीकडचा. तो नोकरच नाही, 'पार्टनर', म्हणजे भागीदार. गुजरातेत या शब्दाला केवढं वजन! भागीदाराचं नाव चोपड्यात असतं, नफ्यात हिस्सा असतो, लग्नात आहेर असतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये दिल्लीत ब्लिंकिटनं एका खेपेमागची किमान मजुरी २५ रुपयांवरून १५ केली, तेव्हा हे भागीदार संपावर गेले आणि काही दिवस तिथली कितीतरी दुकानं बंद राहिली. भागीदाराला काढताना कपात करावी लागत नाही. त्याचा आयडी बंद होतो. नीति आयोगाच्या २०२२ च्या अहवालात अशा तऱ्हेची कामं करणारे २०२०-२१ साली ७७ लाख होते, आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. एवढ्या माणसांसाठी 'काढलं' हे क्रियापद आपल्याकडे अजून नाही.

कायदा होता, आहे. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात वर्षभर काम केलेल्या कामगाराला कमी करताना महिन्याची नोटीस, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि शेवटी आला तो आधी जाईल हा क्रम लिहिला होता. ह्यांना ही कलमं तोंडपाठ, मांडवात बसून झालेली. शंभराहून मोठ्या कारखान्याला बंद करताना सरकारची परवानगी लागे. ती अट कारखाने, खाणी आणि मळे यांनाच होती, भाजी भरणाऱ्या गोदामाला नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहिता लागू झाल्या. त्यांत शंभरचे तीनशे झाले. दुसऱ्या बाजूनं, मोटारसायकलवाल्याचं नाव पहिल्यांदा देशाच्या कायद्यात आलं. त्याच्या सामाजिक सुरक्षेसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यायचे आहेत. ही गोष्ट चांगली झाली. दवाखान्याला, अपघाताला हातभार लागेल. आयडी का बंद केला, हे मात्र त्या पैशातून कळणार नाही.

माझ्या एका मैत्रिणीचं म्हणणं, तुम्ही उगाच वाण्याच्या दुकानाचे गोडवे गाता. मी गात नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या शेठकडे दाहोदकडची पोरं येत, दुकानातच गोणींवर निजत, त्यांना ना फंड ना सुट्टी. एकाला शेठनी काढलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेलाचा डबा सांडला म्हणून भर दुकानात चार शिव्या दिल्या आणि 'जा' म्हणाले. मुलगा रडत गेला. तिसऱ्या दिवशी त्याचा बाप आला, ओट्यावर बसला, शेठशी बोलला, आणि मुलगा परत आला. हा न्याय होता असं मी म्हणत नाही. ओटा होता, एवढंच. आमच्या ह्यांनी पुतण्यासाठी बसायचं तर कुठं बसायचं?

एकोणीस दिवसांचा पगार दीड महिन्यानं जमा झाला, एका दिवसाचा कमी. प्रॉव्हिडंट फंडाचं खातं निघालं, त्यात नावाचं स्पेलिंग चुकलेलं. त्याबद्दल जुन्या मालकाला विचारावं, तर जुना मालक म्हणजे तोच लांबलचक आकडा. मधल्या काळात एक स्थळ आलं होतं, नाशिककडचं. मुलीच्या मामांनी फोनवर विचारलं, 'सध्या कुठं असतात?' मी 'बदल चाललाय' म्हणाले. ते 'बरं, बरं' म्हणाले आणि पुन्हा फोन आला नाही. पुतण्याला मी हे सांगितलं नाही. आता इथं वाचेल.

हल्ली तो हाथीखान्यात एका भुसार व्यापाऱ्याकडे हिशोब बघतो. पगार आधीपेक्षा तीन हजारांनी कमी. तिथं भिंतीवर पडदा नाही, पण शेठचा मुलगा कॉम्प्युटरवर सगळं आणायचं म्हणतो, तेव्हा तोही किती दिवस, कोण जाणे. मोटारसायकलचा हप्ता ह्यांच्या पेन्शनीतून जातो. तो विषय घरात निघत नाही.

झटपट किराणा आम्हीही मागवतो. गुडघे धरलेत, तीन जिने उतरून कोथिंबिरीसाठी जाववत नाही. पिशवी येते, आणणारा दर वेळी निराळा. नकाशा त्याला टॉवरकडच्या दुसऱ्याच पोळात नेतो, मग फोन येतो, मी खिडकीतून हात हलवते. आमच्याकडे बेसतुं वरस म्हणजे पाडव्याला दूधवाला, पेपरवाला, झाडूवाली, रावपुरा पोस्टाचा पोस्टमन, सगळ्यांना बोणी देतात. महाराष्ट्रात तिला पोस्त म्हणतात. ती वर्षभर तोंड पाहिलेल्याला द्यायची असते. २०२५ च्या पाडव्याला ह्यांनी दोन पाकिटं जास्त करायला सांगितली. मी म्हटलं, कोणाला? "जो येईल त्याला," हे म्हणाले.

वाण्याचं दुकान लाभपाचमीपर्यंत बंद, म्हणून सकाळी दही मागवलं. आलेला मुलगा विशीतला, जिने चढून धापा टाकत होता. मी पिशवी घेऊन पाकीट पुढं केलं आणि सवयीनं गुजरातीत म्हटलं, बोणी आहे. तो गोंधळला. "हे ॲपमध्ये दाखवायचं का, मावशी?" त्यानं चक्क मराठीत विचारलं. नंदुरबारकडचा निघाला. "आमच्याकडे पोस्त म्हणतात," मी म्हणाले. "आमच्याकडे पण," तो म्हणाला. त्याचं नाव विचारावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच्या हातातला फोन वाजू लागला. पाकीट खिशात घालून तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

संध्याकाळी दूध मागवलं तेव्हा दुसराच मुलगा आला. दुसरं पाकीट त्याला दिलं.